बेदाण्यातली काडी पकडणारा कॅमेरा : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते मे २०२५

१० फेब्रुवारी, सोमवार

नोंदवही परत सुरू केली. मागच्या प्रोजेक्टला अमुक रेझिस्टर का लावला हे सहा महिन्यांनी मलाच आठवत नव्हतं, म्हणून यावेळी झोपायच्या आधी चार ओळी तरी लिहायच्या.

काम असं. तासगावजवळ आण्णांची बेदाणा शेड आहे. द्राक्ष सुकतं, घड झटकून मळणी होते, चाळणीतून साइजप्रमाणे माल वेगळा होतो, धुतला जातो आणि मग शेवटी टेबलावर बसून बायका हातानं काड्या, देठ, डागी दाणे, खडे निवडतात. एवढं सगळं होऊनही १५ किलोच्या बॉक्सात दोन-चार काड्या जातातच आणि व्यापारी बॉक्स फोडून नेमकी तीच काडी वर काढून दाखवतो आणि भाव पाडतो. आण्णांचं म्हणणं, "राइस मिलला असतंय तसलं मशीन बसव की आपल्यात."

राइस मिलमधलं मशीन म्हणजे कलर सॉर्टर. किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यावर 'सॉर्टेक्स' लिहिलेलं असतं ते मुळात मशीनवाल्यांचं नाव, आता गिऱ्हाइकाला तो तांदळाचा प्रकार वाटतो. उतारावरून तांदूळ घसरत खाली येतो, कॅमेरा बघतो, काळा दाणा दिसला की बारीक नळीतून हवेचा फटका मारून तो उडवतो. मागच्या सीझनला एका विक्रेत्यानं आण्णांना तसलाच डेमो दिलेला, काळे दाणे झकास निघाले पण काड्या तशाच पुढं गेल्या. का गेल्या ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी यात पडलोय. नोकरी कुपवाडला, शेडवर जाणं शनिवार-रविवारीच.

१६ फेब्रुवारी

३०० मि.मी. रुंदीचा जुना पट्टा मिळाला, मोटर सेकंदाला १ मीटर पळवते. घरातला वेबकॅम वर टांगला आणि रेकॉर्डिंग केलं. बेदाण्यांची गांडुळं झाली आहेत.

हिशेब सोपा आहे, आधी करायला पाहिजे होता. वेबकॅमनं स्वतःच्या मनानं ८ मिलीसेकंद एक्सपोजर (एक चित्र टिपायचा वेळ) घेतला, तेवढ्यात पट्टा ८ मि.मी. पुढं गेला, आणि बेदाणाच १०-१२ मि.मी.चा असतो. त्यात रोलिंग शटर, म्हणजे सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीनं घेतो, त्यामुळं गांडूळ वर तिरकंही. देठाचा तुकडा जाडीला कसाबसा १ मि.मी., तो नीट दिसायचा तर चित्र ०.२ मि.मी.पेक्षा जास्त फरफटून चालणार नाही, म्हणजे एक्सपोजर २०० मायक्रोसेकंद. त्याच्या वर एक मायक्रोही नको.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा ग्लोबल शटरवाला, म्हणजे सगळं चित्र एकदम घेणारा, कॅमेरा मागवला. सोनीचा आयएमएक्स २९६ सेन्सर, १४५६ बाय १०८८ पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम. ३०० मि.मी. भागिले १४५६ म्हणजे पिक्सेलमागे ०.२ मि.मी., आपल्याला नेमकं तेवढंच पाहिजे. मेगापिक्सेल बघून कॅमेरा घेणाऱ्यांनी आधी पट्टीनं पट्टा मोजावा.

२३ फेब्रुवारी

कॅमेरा आला. २०० मायक्रोसेकंदाला चित्र म्हणजे अमावस्या. ८ मिलीसेकंदाच्या मानानं प्रकाश ४० पटीनं कमी, तर अंधार होणारच. गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल, वाढवला की चित्रभर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपका काडी वाटतो.

मग दुकानातून एलईडीच्या दोन बॅटन आणून अगदी जवळ लावल्या. उजेड झाला पण नवीनच तमाशा, एक फ्रेम लख्ख, एक मध्यम, एक काळपट, परत लख्ख. अर्धा तास सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. नंतर डोक्यात आलं, आपली वीज ५० हर्ट्झ म्हणजे स्वस्तातली बॅटन सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, कॅमेरा ६० वेळा बघतो, तर दर तीन फ्रेमनं तोच खेळ परत येणार. डोळ्याला हे कधीच दिसत नाही पण २०० मायक्रोसेकंदाच्या डोळ्याला दिसतं. बॅटन काढून टाकल्या, २४ व्होल्ट डीसीच्या, न लुकलुकणाऱ्या एलईडी पट्ट्या लावल्या, खेळ बंद.

२ मार्च

पट्टा बदलला, निळा घेतला. खाण्याच्या मालाच्या लाइनवर निळे पट्टे का असतात ते आज हाताला कळलं, खाण्यात निळं जवळपास काही नसतंच. हिरवा बेदाणा, पिवळा, काळपट, सगळे निळ्यावर उठून दिसतात. दाणा कुठं आणि पट्टा कुठं हे आता दहा ओळींच्या कोडमध्ये होतं.

पण काडी. काडीचा रंग तपकिरी, सुकलेल्या दाण्याचा रंग तपकिरी, हिरव्या मालातली कोवळी काडी हिरवट. रंगाचे आलेख काढले तर दोन्ही ढीग एकमेकांत घुसलेले. लांबट आकारावरून ओळखावं म्हटलं तर लांबट बेदाणे पण असतात, सोनाका जातीचा दाणा तर लांबटच. दाण्याला चिकटून बसलेला देठ आकारावरून पकडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यायचं.

तर डेमोवालं मशीन यामुळं फेल गेलं. तांदळात काळं-पांढरं असतं, इथं तपकिरीत तपकिरी शोधायचंय. मशीन लर्निंग लावून बघू म्हणून रात्री दोनपर्यंत ६०० चित्रांवर खुणा केल्या, झोपताना लक्षात आलं की निम्म्या ठिकाणी मलाच कळत नव्हतं काडी आहे का सुरकुती. मास्तरलाच येत नाही तर पोराला काय शिकवणार.

८ मार्च, शनिवार

आजची नोंद मोठी होणार.

दुपारी टेबलापाशी नुसता बसून बायका कशा निवडतात ते बघत होतो. आक्कामावशी सगळ्यात फास्ट, बोलत बोलत निवडतात. बरेच दाणे बोटानं सरकवतात, मधेच एखादा चिमटीत धरून खिडकीकडं करतात, क्षणभर, आणि मग इकडं नाहीतर तिकडं टाकतात. चार-पाच वेळा तेच बघितलं आणि विचारलं, मावशी हे काय बघताय.

"आरं बाळा, रंगावर काय जातोस, उजेडाला धर की. दाणा असला तर दिवा लागल्यागत हुतंय, काडी हाय तशीच काळी."

माझ्या हातात एक दिला. खिडकीसमोर धरला तर आतून मधाच्या रंगाचा उजेड, सुरकुत्यांच्या रेघा, आणि एका टोकाला बारीक काळा ठिपका, तोच देठ. पट्ट्यावर वरून बघताना हाच ठिपका मी दोन आठवडे शोधत होतो.

बेदाणा म्हणजे आत साखर, पाकासारखा गर, उजेड आत शिरतो, फिरतो आणि पलीकडून बाहेर येतो. काडी म्हणजे लाकूड, खडा म्हणजे दगड, उजेड अडतो. मोठ्या सॉर्टरमध्ये लेसर मारून दाण्याच्या आत पसरलेला उजेड मोजतात हे वाचलेलं होतं, पण ते आपल्याला परवडणारं नाही म्हणून बाजूला ठेवलेलं. खिडकी मात्र परवडते.

आक्कामावशींना सांगितलं की तुमच्यामुळं काम सुटलं. त्या म्हणाल्या, "मग ह्ये चालू झाल्यावर आमी घरी का?" मी हसलो खरं पण उत्तर काय दिलं नाही.

१६ मार्च

खालून उजेड द्यायचा तर पट्टा मधे येतो. पारदर्शक पट्टा दोन दिवसांत चिकट होऊन पारदर्शक राहणार नाही. मग दाणा पट्ट्यावर असताना बघायचाच कशाला, पट्टा संपून हवेत उडतो तेव्हा बघू. एका बाजूनं कॅमेरा, दुसऱ्या बाजूनं दुधी ॲक्रिलिकच्या मागं एलईडी, मधून बेदाण्याचा धबधबा.

अकरावीचं फिजिक्स काढलं. पट्ट्याच्या टोकाला दाणा आडवा १ मीटर/सेकंदानं सुटतो. १५ मि.मी. खाली यायला ५५ मिलीसेकंद लागतात, तिथं फोटो. १५० मि.मी. खाली यायला १७५ मिलीसेकंद, तिथं हवेचा फटका. मधे मिळाले १२० मिलीसेकंद, तेवढ्यात चित्र उतरवायचं, ठरवायचं, व्हॉल्व्ह उघडायचा. फोटोच्या जागी दाणा साधारण २८ अंशांत खाली झुकलेला असतो म्हणून कॅमेरा आणि दिवा तेवढेच तिरके ठेवले. तिरका ठेवल्याचा फुकटचा फायदा म्हणजे दिव्यावर पडलेला दाणा आपोआप घरंगळून जातो.

आणि गंमत बघा, खाली पडायचा वेळ पट्ट्याच्या स्पीडवर अवलंबून नाही. शेडवर व्होल्टेज संध्याकाळी पडतं, मोटर सुस्तावते, पण गुरुत्वाकर्षणाला लोडशेडिंग नाही. दाणा आडवा किती पुढं जातो ते मात्र बदलतं, त्यासाठी रोलरवर स्पीड मोजणारा एन्कोडर लावणार होतो, पण चित्राच्या २०० ओळी वापरल्या तर उंची ४० मि.मी. होते, ६० फ्रेमला दाणा दर फ्रेम १९ मि.मी. सरकतो, म्हणजे प्रत्येक दाणा दोनदा दिसतो, दोन फोटोंतल्या अंतरावरून त्याचा स्पीड त्याच्याकडूनच कळला. एन्कोडर खोक्यात परत.

२२ मार्च

चाललं! पहिलं चित्र बघून आण्णांना हाक मारली. उजळ स्क्रीनवर कंदिलाच्या रांगा असाव्यात तसे दाणे आणि त्यात काडी म्हणजे कोळशाची रेघ. रंग वगैरे सगळं फेकून दिलं, नुसतं किती उजेड आरपार आला तेवढंच बघायचं. कोड आता फेब्रुवारीतल्या कोडच्या चौथा हिस्सा पण नाही.

लगेच दोन माशा दुधात. एक, दोन दाणे एकावर एक आले की जाडी दुप्पट, उजेड कमी, मशीन म्हणतं काडी. दोन, एलईडीची एक पट्टी जळाली. पट्टी फक्त २०० मायक्रोसेकंद पेटते, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे एकूण वेळेच्या सव्वा टक्का पण नाही, म्हणून तिच्यात तिच्या लायकीपेक्षा बराच जास्त करंट ढकलला होता, स्ट्रोबमध्ये असं चालतं. पण पिकोचा, म्हणजे दिवा चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरचा, कोड मधेच अडकला, पिन हाय राहिली आणि पट्टी कायमची पेटली. वास आला तेव्हा कळलं. आता मधे एक ५५५ टायमर बसवलाय, कोड मेला तरी दिवा आपला आपण विझतो. जिथं जळण्याची भीती तिथं सॉफ्टवेअरवर विश्वास नको.

(कॅमेऱ्याची ट्रिगर पिन १.८ व्होल्टची आहे, पिको ३.३ देतो. मधे व्होल्टेज कमी करायला १.५ के आणि १.८ के रेझिस्टरचा डिव्हायडर. हे लाल पेनानं लिहून भिंतीला लावलंय, कारण मी थेट वायर जोडणार होतो, बायकोनं चहाला हाक मारली म्हणून वाचलं.)

३१ मार्च

काल पाडवा, शेडवर गुढीला बेदाण्यांची माळ होती, गाठी परवडत नाहीत म्हणे, आण्णांचा विनोद.

व्हॉल्व्हचा दिवस. जुन्या कामातले हवेच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह होते, तेच लावले. नळीच्या तोंडाला दोरा बांधला, शेजारी एलईडी, मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एलईडी लागल्यापासून दोरा हलेपर्यंत फ्रेम मोजल्या. सात फ्रेम, म्हणजे २९ मिलीसेकंद. फटक्याच्या जागी दाणा सेकंदाला जवळपास २ मीटरनं चाललेला असतो, २९ मिलीसेकंदात तो ५८ मि.मी. जातो.

उशीर झाला याचं मला वाईट वाटत नाही, उशीर ठरलेला असेल तर तेवढा आधी हुकूम द्यायचा. एसटी रोज वीस मिनिटं लेट असेल तर माणूस वीस मिनिटं उशिरा स्टँडवर जातो. त्रास तेव्हा, जेव्हा ती कधी पाच मिनिटं लेट आणि कधी तीस. इथं दोन ठिकाणी तसं होतं. एक म्हणजे रास्पबेरी पाय, त्यातला पायथनचा प्रोग्रॅम मधेच मेमरीतला स्वतःचा कचरा काढायला थांबतो. त्यावर उपाय म्हणजे फ्लॅश आणि व्हॉल्व्ह दोन्ही पिकोकडं दिले, पाय फक्त चिठ्ठी पाठवतो की फ्रेम ८१२, नळी ७. फ्लॅश कधी पडला ते पिकोला माहीत असतं, तिथून मोजून तो बरोबर वेळेला फटका मारतो. चिठ्ठी ९० मिलीसेकंदांच्या आत पोचली की झालं.

दुसरा त्रास बंद होण्याचा. हे व्हॉल्व्ह उघडले की लवकर मिटत नाहीत, एका काडीमागं पाच-सहा चांगले दाणे उडतात. जलद व्हॉल्व्ह मागवावेच लागणार, १६ नळ्या, प्रत्येकीच्या वाट्याला १९ मि.मी. रुंदी. आण्णांना आकडा सांगितला, ते बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत होते, मग म्हणाले घे.

१३ एप्रिल

जलद व्हॉल्व्ह आले, फटका आता ५-६ मिलीसेकंदांचा. आवाज टपोऱ्या गारा पडल्यासारखा.

दोन दाण्यांचं जोडपं सोडवायला कोडमध्ये तीन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी उपाय निघाला फीडरमध्ये. व्हायब्रेटरचा ट्रे ४ अंशांनी सपाट केला आणि तोंडाशी ब्रशची झालर लावली, दाणे एक थरात यायला लागले. उरलेल्यांसाठी एवढंच, की जोडपं कडेनं उजळ आणि मधे काळं असतं आणि काडी कडेपासूनच काळी, तेवढा एक फरक कोडमध्ये टाकला.

वेगाचा कागदावरचा हिशेब : सेकंदाला पट्ट्याचं ०.३ चौरस मीटर क्षेत्र सरकतं, त्याच्या १० टक्के दाण्यांनी झाकलं, एक दाणा ८० चौरस मि.मी. आणि अर्धा ग्रॅम धरला तर तासाला पावणेसातशे किलो. प्रत्यक्षात एक थर ठेवून फीडर २०० पर्यंतच देतो. कागदावर सगळ्यांचीच द्राक्षं गोड.

२६ एप्रिल

सकाळी मशीन उत्तम, दुपारी बारानंतर चांगला माल फेकायला लागलं. उन्हामुळं कॅमेरा तापला असेल, दिवा कमी झाला असेल, सगळं तपासलं. शेवटी दुधी ॲक्रिलिकवरून बोट फिरवलं तर बोट चिकटलं. साखर आणि धूळ. दाणे दिवसभर त्याच्यावरून घरंगळतात आणि हळूहळू पाकाचा थर बसतो, दिवा विझत नाही पण मंद होतो आणि मशीनला वाटतं सगळी दुनियाच काडी झाली. आता दर अर्ध्या तासाला ओल्या फडक्यानं पुसायचं. शिवाय मोकळ्या जागेचा उजेड किती आहे ते मशीन दर मिनिटाला बघतं, १५ टक्क्यांनी घसरला की भोंगा वाजतो. भोंगा वाजला की आक्कामावशी, "तुझं पोरगं रडायलंय बघ."

दुसरी गोष्ट, कोल्ड स्टोरेजमधला मागच्या वर्षीचा माल लावून बघितला. त्यातल्या बऱ्याच दाण्यांत साखर बसलेली, दाताखाली करकर लागते तसली. कणी धरली की उजेड आतल्या आत अडतो, दाणा आतून पेटत नाही, मशीन त्याला काडी समजून उडवतं. आण्णा म्हणाले साखर बसलेला माल तसाही वेगळाच काढायचा असतो, म्हणजे ही चूक का सोय हे अजून ठरलं नाही. काळा बेदाणा मात्र या पद्धतीनं होणारच नाही, त्याच्यातून उजेड येतच नाही, त्यासाठी डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड लावून बघायला पाहिजे, त्यासाठी कॅमेऱ्याचा फिल्टर काढावा लागतो आणि तो एकदा काढला की परत बसत नाही. पुढच्या सीझनला.

११ मे

आज खरी परीक्षा. निवडून पक्का केलेला १० किलो हिरवा माल घेतला, त्यात मोजून १०० सुट्या काड्या, देठ चिकटलेले ४० दाणे आणि १० खडे मिसळले. काड्यांना आधी खाण्याच्या निळ्या रंगाचा बारीक ठिपका दिला, नंतर शोधायला सोपं जावं म्हणून, मशीन रंग बघतच नाही त्यामुळं फसवणूक नाही. तीन फेऱ्या केल्या, दर वेळी सगळं परत मिसळून.

खडे तिन्ही वेळा १० पैकी १०. काड्या ९१, ९४, ८९. देठवाले दाणे ४० पैकी २३, १९, २४, म्हणजे निम्म्याच्या आसपास. देठ दाण्याच्या मागं लपला तर दिसणार कसा, कॅमेरा एकाच बाजूनं बघतो. फेकलेल्या डब्यात दर वेळी सहाशे-सातशे ग्रॅम माल, त्यातला बहुतेक चांगलाच.

आण्णांना आधी फक्त पहिले दोन आकडे सांगावेत असं वाटलं होतं. सगळे सांगितले. त्यांनी विचारलं, शंभरातल्या ज्या नऊ-दहा सुटल्या त्या कसल्या होत्या. बघितलं तर त्यातल्या बऱ्याच उभ्या उडालेल्या, म्हणजे कॅमेऱ्याकडं टोक करून, त्यामुळं काडीऐवजी नुसता ठिपका दिसला. ते मी बघायलाच विसरलो होतो, हा प्रश्न बेदाण्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचतो. दुसऱ्या कोनातून दुसरा कॅमेरा लावला तर उभ्या काड्याही सापडतील आणि लपलेले देठही. आण्णा म्हणाले माल संपल्यावर बघू.

फेकलेल्या डब्याचं ठरलं. आधी सहा जणी सगळा माल निवडायच्या, आता दोघी डबा निवडतात आणि बाकीच्या पुढं पॅकिंगला, सध्या तरी. सध्या तरी हे आण्णांचे शब्द, म्हणून तसेच लिहिले. आक्कामावशी डब्यावर आहेत. मशीननं फेकलेला दाणा उचलून त्या परत खिडकीकडं धरतात आणि चांगला निघाला की मला ऐकू जाईल असं म्हणतात, "ह्यो बी चांगलाच हाय की रं."

२५ मे

पाऊस लवकरच लागलाय, शेडमध्ये दमट झालंय. दाणे पट्ट्याला चिकटायला लागले, टोकाला वेळेवर न सुटता रोलरबरोबर अर्धा वळसा घेऊन उशिरा पडतात, फोटोत येतात ते वाकड्या वाटेनं आणि फटका हवेत जातो. टोकाचा रोलर ६० वरून २५ मि.मी.चा करायचाय, वळण जेवढं बारीक तेवढा दाणा लवकर सुटेल. लेथवाल्याकडं टाकलाय, गुरुवारी मिळेल म्हणाला, म्हणजे शनिवारी.

कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी यायला लागलंय, नळी ३ आणि ११ थुंकतात. वॉटर सेपरेटर आणायचा. ५५५ची एक जास्तीची पाटी करून ठेवायची. दुसऱ्या कॅमेऱ्याचा ब्रॅकेट मोजून आणला : २१० बाय ६०, भोकं ६ मि.मी.